कोरलसाठी आणलेला निळा बल्ब

आमच्या घरी दरवर्षी एक भांडण ठरलेलं असायचं आणि ते बल्बवरून असायचं. लोकांकडे सोन्यावरून भांडतात, सासूवरून भांडतात, सुट्टीत कुणाच्या गावी जायचं ह्यावरून भांडतात. आमच्याकडे बल्ब. पांढरा की निळा, एवढाच प्रश्न. बारा वर्षं आम्ही दोघांनी तो प्रश्न चघळला आणि तेराव्या वर्षी मी एकटीनंच त्याचं उत्तर देऊन टाकलं. त्याबद्दल लिहायला बसले आहे.

आमचे हे हवाई दलात विमानांच्या दुरुस्तीला होते. सगळी नोकरी उत्तरेत गेली, जिथं जाऊ तिथं धूळ जास्त आणि पाणी कमी. शेवटची बदली चंदीगडची. निवृत्तीनंतर साताऱ्याला जाऊ, असं मी घोकत राहिले आणि ह्यांनी इथंच फ्लॅट घेऊन टाकला. मला विचारलं म्हणता? छे. घेतल्यावर सांगितलं. आणि त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, जिथं माझा सोफा यायचा होता तिथं, पाच फुटी काचेची टाकी आणून बसवली. तिच्यात मीठ कालवलेलं पाणी, दगड, दोन मासे आणि कोरल. चंदीगडहून समुद्र म्हणजे दीड दिवसाची रेल्वे, पण ह्यांच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं.

कोरल म्हणजे आपलं प्रवाळ. मी त्याला झाड म्हणायचे. "झाड नाही गं, प्राणी आहे तो," हे दर वेळी समजावायचे. "मग हाक मारली की येत का नाही?" मी विचारायचे. चंदीगडला लागूनच असलेल्या पंचकुल्याला ह्यांच्यासारखेच एक वेडे गृहस्थ होते. त्यांच्या टाकीतलं कोरल फार मोठं झालं तेव्हा त्यांनी ते कापून नखाएवढा तुकडा ह्यांना दिला होता. तो तुकडा दगडाला चिकटला, जगला आणि वाढत वाढत जेवणाच्या ताटाएवढा झाला. छत्रीसारखा पसरलेला, वरून बोटबोटभर केस, ते पाण्यात हलायचे. ह्यांनी काचेवर मार्करनं खुणा केल्या होत्या, कुठल्या महिन्यात कुठपर्यंत आलं त्याच्या. आमच्या मुलीची उंची आम्ही कधी भिंतीवर मोजली नाही, कारण दर दोन-तीन वर्षांनी भिंतच बदलायची. कोरलची मात्र मोजली.

आता ह्या कोरलला ऊन लागतं. म्हणून टाकीच्या वर साखळीनं एक मेटल हॅलाइडचा दिवा टांगलेला होता, अडीचशे वॉटचा. त्याच्या झळीनं पाणी तापू नये म्हणून पाणी गार करायचं वेगळं मशीन, ते दिवसभर घरघरत बसायचं. मे महिन्यात बाहेर भट्टी पेटलेली आणि घरात हा दुसरा सूर्य. ह्या बल्बची गंमत अशी की वर्षभर जळला की तो थकतो. आपल्या डोळ्यांना लख्ख दिसतो, पण कोरलला जे हवं ते त्याच्यात उरत नाही. म्हणून दरवर्षी नवा आणायचा. नवा आणताना रंग निवडायचा, आणि रंगाचे आकडे असतात, ते रुपयांचे नव्हेत, केल्विनचे. साडेसहा हजारांचा पिवळट. त्याच्याखाली कोरल फोफावतं पण टाकी गटारासारखी दिसते. दहा हजारांचा पांढरा. त्यात वाढही चांगली आणि बघायलाही बरं. आणि वीस हजारांचा निळा. त्याच्याखाली कोरल हिरवं पेटल्यासारखं दिसतं, बघणाऱ्याची नजर हलत नाही, पण वाढ मंदावते.

मला निळा हवा असायचा. दिल्लीला एका दुकानात मी तो लावलेला पाहिला होता आणि तिथंच अर्धा तास उभी राहिले होते.

"असा लावा की हो. घर कसं दिसेल!"

"तो दाखवायचा दिवा आहे. आपल्याला वाढवायचंय."

"वाढवून वाढवून करायचं काय मेल्याचं? लोणचं घालायचंय?"

"अजून पाच वर्षांनी बघ तू."

दरवर्षी हेच. मी तणतणायची, दोन दिवस चहा आपटून ठेवायची, आणि दरवर्षी पांढराच यायचा. खरं सांगायचं तर मला ते भांडण आवडायचं. पाच वर्षांनी बघ म्हणणारा माणूस घरात असला की आपणही आणखी पाच वर्षं असणार असं वाटतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ह्यांचे डोळे पिवळे झाले. पोटात दुखतंय म्हणून महिनाभर सांगत होते, मी ओवा देत होते. हॉस्पिटलमध्ये आठ दिवस तपासण्या झाल्या आणि मग डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पोचलेला. तीन महिने म्हणाले, फार तर चार. मग त्यांनी विचारलं, "उनको बताना है?"

"नहीं," मी म्हणाले. पापणी लवायच्या आत म्हणाले. विचार केला नाही, करावा असं वाटलंही नाही. माझ्या वडिलांना आम्ही सांगितलं नव्हतं. सासूबाईंना सांगितलं नव्हतं. सासूबाईंच्या वेळी तर हेच पुढाकार घेऊन सगळ्यांना बजावत फिरले होते, आईच्या कानावर जाता कामा नये म्हणून. आमच्याकडे असंच करतात. पुण्याहून दिरांचा फोन आला, तेही तेच म्हणाले. "वहिनी, दादाला कळू देऊ नका. खचेल तो." मी रिपोर्टची फाइल तांदळाच्या डब्यात तळाशी घातली आणि ह्यांना सांगितलं, लिव्हरला सूज आहे, सहा महिने पथ्य पाळलं की ठणठणीत. ह्यांनी मान डोलावली. तीस वर्षं विमानाचा एक-एक स्क्रू दोनदा तपासणाऱ्या माणसानं माझं बोलणं एकदाही तपासलं नाही.

मुलगी कॅनडात. इथं शेजारी-पाजारी सगळ्यांचीच मुलं तिकडे, तशी आमचीही. तिला मी त्याच दिवशी सांगितलं. ती लहानपणापासून कँटोनमेंटच्या शाळांत वाढलेली. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते.

"मम्मी, मैं आ रही हूँ. आज ही टिकट देखती हूँ."

"अजिबात यायचं नाही."

"क्या?"

"तू अशी मधेच उगवलीस की त्यांना संशय येईल. त्यांना कळेल. तुझं दिवाळीला यायचं ठरलंय ना? मग दिवाळीलाच ये."

"दिवाली तक..." ती म्हणाली. दिवाळी आठ महिने लांब होती.

तेव्हापासून दर रविवारी एक नाटक व्हायचं. सकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. पापा, ये करो, पापा, वो मत खाओ, बर्फ दाखव, ऑफिसातल्या बाईची नक्कल कर, पंधरा-वीस मिनिटं नुसता हशा. हे खूष. फोन बंद झाला की पाच मिनिटांत माझा फोन वाजायचा. मी तो घेऊन बाल्कनीत जायची, दार लोटून घ्यायची. पलीकडून ती रडत असायची. "मम्मी, अब आ जाऊँ?" आणि मी दर रविवारी म्हणायची, नको. आत आले की हे म्हणायचे, "पोरगी आली असती चार दिवस तर बरं वाटलं असतं गं." आणि मग आपणच म्हणायचे, "जाऊ दे. कामं असतील तिला." मी भाजी निवडायला बसायची. एकदाही तोंड उघडलं नाही. त्यांना कळू न देणं हे माझं काम आहे आणि ते मी चोख करते आहे, असं वाटायचं मला. मूर्ख बाई.

एप्रिलमध्ये ते खाली बागेपर्यंत चालत जायचे, बाकावर बसायचे, परत यायचे. मेमध्ये जिना बंद झाला. हॉलमध्ये टाकीसमोर दिवाण लावला आणि दिवसभर तिथंच. एक दिवस म्हणाले, "बल्ब म्हातारा झाला. बघ, केस आखडलेत कोरलचे. जानेवारीपासून खूण हललेली नाही." मी म्हटलं, जळतोय की चांगला. तर वैतागले. "डोळ्यांना जळतोय. त्याला पोचत नाही. दहा हजारांचा बघ कुठं मिळतो का."

बघ म्हणायला सोपं. आता हे बल्ब कुणी लावतच नाही. आमच्या जवळच्या दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, मैडम, एलईडी का जमाना है. पंचकुल्याच्या गृहस्थांनीही कधीच एलईडी केलं होतं, पण त्यांनी दिल्लीच्या एका जुन्या व्यापाऱ्याचा नंबर दिला. मी स्वयंपाकघरातून फोन लावला. त्याच्याकडे अडीचशे वॉटचे दोनच शिल्लक होते.

"एक व्हाइट है, एक ब्लू. कौन सा भेजूँ?"

मी ओट्याला टेकून उभी होते. समोर तांदळाचा डबा. डॉक्टरांच्या तीन महिन्यांतले दोन संपून गेले होते. पांढरा आणला तर कोरल वाढणार, पण ते वाढलेलं बघणार कोण? ह्या माणसाला आता त्या दिवाणावरून ती टाकी सोडून दुसरं काही दिसणार नाही. महिना म्हणा, दीड महिना म्हणा. तेवढे दिवस तरी ते हिरवं झळाळतं काहीतरी बघू देत. सुंदर काहीतरी बघत जाऊ देत. असं वाटलं मला. प्रेमानंच वाटलं, शपथेवर सांगते.

"ब्लू," मी म्हणाले.

"दोनों भेज दूँ? फिर मिलेगा नहीं."

"नहीं, एक बस है."

दोन्ही मागवले असते तर काय बिघडलं असतं? पांढरा लावला असता, निळा कपाटात ठेवला असता. मी ते केलं नाही, कारण पुढच्या वर्षी बल्ब बदलायची वेळ येणारच नाही हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

दिल्लीच्या त्या माणसानं पार्सल सिमल्याच्या बसच्या कंडक्टरपाशी दिलं. ती बस त्रेचाळीस सेक्टरच्या स्टँडवर थांबते. मी दुपारी एकला जाऊन उभी राहिले. बस दीड तास उशिरा आली, ओढणी डोक्यावर घेऊन घेऊन डोकं भणभणलं. कंडक्टरनं सीटखालून खोका काढून हातात दिला. खोक्यावर मोठ्या अक्षरात वीस हजारांचा आकडा होता. मी तिथंच बाकावर बसून बल्ब बाहेर काढला, ओढणीत गुंडाळला आणि खोका स्टँडवरच्या कचऱ्यात टाकला. ह्यांनी विचारलंच तर काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं. दुकानदारानं चुकीचा पाठवला, एवढंच. रिक्षात बसले तेव्हा मला चक्क हुशारी वाटत होती स्वतःची.

बल्ब बदलायचं काम नेहमी ह्यांचं. आता मी स्टुलावर आणि हे दिवाणावरून हुकूम सोडताहेत.

"काचेला बोट लावू नको. घामाचा डाग पडला की तिथून तडकतो तो. फडक्यानं धर."

"धरलाय."

"पूर्ण फिरव. अजून. आता दिवा साखळीनं वीतभर वर घे. नवा जोर सोसायचा नाही त्याला, भाजेल झाड."

"झाड म्हणालात!" मी स्टुलावरूनच ओरडले.

"तुझ्या नादानं," ते म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो. हसताना त्यांना धाप लागली म्हणून मी पाणी द्यायला खाली उतरले. मग बटण दाबलं.

हा बल्ब साध्या दिव्यासारखा फटकन लागत नाही. आधी आत एक जांभळट ठिणगी, मग मंद गुलाबी, मग हळूहळू चढत जातो. पुरी चार-पाच मिनिटं लागतात. ह्यांना ती चार-पाच मिनिटं फार आवडायची, दरवर्षी खुर्ची ओढून बसायचे. आताही उशीला टेकून बसले. मी त्यांच्या पायाशी. प्रकाश चढत गेला. पांढरा व्हायच्या ऐवजी भिंतीवर निळी झाक आली. मग चादर निळी झाली, चादरीवरचे त्यांचे हात निळे झाले. आणि टाकीत कोरल पेटलं. एक-एक केस हिरवा. इतकं देखणं मी आयुष्यात दुसरं काही बघितलं नाही.

"बघा, बघा तरी कसं दिसतंय!" मी म्हणाले.

ते टाकीकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"हा वीस हजारांचा आहे."

"अगं बाई! हो का? मेल्या दुकानदारानं चुकीचा पाठवला वाटतं."

"फोन लाव त्याला."

"राहू दे हो आता. एवढा चढून लावलाय..."

"लाव."

मी नंबर लावला नाही. त्यांनी उशीपाशी पडलेला माझा फोन घेतला आणि आपणच लावला, स्पीकरवर. आवाज बसलेला होता त्यांचा, तरी अदबीनं विचारलं, भाई साहब, हमने दस हज़ारवाला माँगा था. पलीकडून तो बिचारा घाईघाईनं म्हणाला, "नहीं सर, मैडम ने खुद ब्लू बोला था. मैंने तो पूछा भी, दोनों भेज दूँ? व्हाइट तो यहीं पड़ा है."

ह्यांनी त्याचे आभार मानले. फोन छातीवर ठेवला.

"बारा वर्षं भांडलीस माझ्याशी," ते म्हणाले. "पण कधी चोरून आणला नव्हतास."

मी फडक्याची घडी घालायला लागले.

"वाढीचा उपयोग नाही, असं वाटलं ना तुला?"

माझ्या तोंडाला सासरमाहेर दोन्हीकडचे लोक वचकून असतात. त्या दिवशी मी नुसती मान हलवली.

"किती सांगितलेत?"

"तीन महिने," मी म्हणाले. "मार्चमध्ये."

त्यांनी बोटं मोजली. मार्च, एप्रिल, मे. अंगठा अनामिकेवर थांबला.

"पोरीला माहीत आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

तेव्हा त्यांनी मान टाकीकडे वळवली. आणि इतक्या बारीक आवाजात विचारलं की मला आधी ऐकूच आलं नाही.

"आणि ती आली नाही?"

देवा रे. ह्या एका गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. मी त्यांचे पाय धरले. नाही हो, तिला दोष देऊ नका, ती दर रविवारी विचारते, रडते, मीच येऊ दिलं नाही, ती आली असती तर तुम्हाला कळलं असतं, असं काय काय मी बरळत सुटले.

"कळलं असतं," ते म्हणाले. "मग काय झालं असतं गं? मेलो असतो?"

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

"एप्रिलमध्ये मी चालत होतो. बागेत जाऊन एकटा बसत होतो बाकावर. ती शेजारी बसली असती." त्यांना धाप लागली, मी पाणी पुढं केलं, त्यांनी पेला हातानं बाजूला सारला. "माझे दोन महिने तू परस्पर वाटून टाकलेस. मला विचारायचं तरी."

इतक्या वर्षांत ते माझ्यावर कितीदा तरी ओरडले असतील. त्या दिवशी ओरडले असते तर मला सोसलं असतं. ते ओरडले नाहीत, ओरडायला ताकदच नव्हती.

थोड्या वेळानं म्हणाले, "बोलाव तिला."

"आत्ता फोन लावून देऊ?"

"फोनवर नको. समोर बसवून बोलायचंय मला. येऊ दे."

मी बाल्कनीत गेले. सवयीनं दार लोटून घेतलं. तिला म्हणाले, ये. तिनं पहिला प्रश्न हाच विचारला, "पापा को पता चल गया तो?" आणि काय सांगू, मी म्हणाले, नाही कळणार, मी सांगेन काहीतरी. खोटं बोलायला जीभ इतकी सरावली होती की खरं सांगायची गरज समोर आली तरी तिला कळेना.

दोन दिवस तिला तिकीट मिळालं नाही. मग विमान, मग दिल्ली, मग टॅक्सी. एकूण चार दिवस. त्या चार दिवसांत हे माझ्याशी औषधापुरतं बोलले. मी म्हटलं, तो पांढरा मागवू का, अजून आहे त्याच्याकडे. म्हणाले, "राहू दे. आता बघतोच तो." आणि खरंच दिवसभर बघत पडायचे. मधेच विचारायचे, किती वाजता पोचते? कुठल्या दिवशी? मी सांगायची. तासाभरानं पुन्हा विचारायचे. दुसऱ्या दिवशी दाढी करून घेतली, खालच्या न्हाव्याला घरी बोलावून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. तीन दिवसांत पहिल्यांदा माझा हात धरला.

"मला झोप फार यायला लागलीय," ते म्हणाले. "ती येईपर्यंत काही झालं, तर तिला एवढं सांग. मला कळलं होतं आणि मी तिची वाट बघत होतो. बाकी काही नको. एवढं सांग."

मी हो म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी ते असंबद्ध बोलायला लागले. विमानाच्या कसल्या कसल्या भागांची नावं घेत होते, कुणाकडे तरी पाना मागत होते. दहाच्या सुमाराला झोपले ते उठलेच नाहीत. ती दुपारी तीनला दारात आली, पाठीवरची बॅग तशीच ठेवून दिवाणापाशी बसली, पापा, पापा म्हणत राहिली. डॉक्टर म्हणाले, लिव्हरनं काम सोडलं की असंच होतं. सहा दिवस ती तिथून हलली नाही. त्यांचा हात हातात घेऊन काय काय सांगत होती, ऑफिसातल्या बाईची नक्कल करत होती. त्यांनी डोळे उघडले नाहीत. सातव्या दिवशी पहाटे गेले.

दीर आले, दिवस झाले, माणसं आली, गेली. टाकी पंचकुल्याचे गृहस्थ घेऊन गेले. तिचं परतीचं तिकीट होतं त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी ह्यांचे कपडे आवरत होतो. तिच्या हातात त्यांचा स्वेटर होता.

"मम्मी," ती म्हणाली, "पापा को पता तो नहीं चला था ना? कि मुझे मालूम था?"

मला ते वाक्य तोंडपाठ होतं. मला कळलं होतं आणि मी तिची वाट बघत होतो. रोज मनात म्हणून ठेवलं होतं, ती जायच्या आत सांगायचं म्हणून. मी तोंड उघडलं.

"नाही गं," मी म्हणाले. "शेवटपर्यंत नाही कळलं त्यांना."

ती पलंगावर बसलीच. स्वेटर तोंडाशी धरून रडली, आणि मग उठून मला मिठी मारली. "थँक गॉड, मम्मी. मैं रोज़ यही सोचती थी. उन्हें पता चलता तो सोचते कि मैं जानती थी और आई नहीं. आपने बिल्कुल सही किया." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आपने सही किया, असं ती आणखी दोनदा म्हणाली.

आता ती दर रविवारी मला फोन करते. मला वाटलं होतं विमानतळावर सांगेन, मग वाटलं वर्षश्राद्धाला येईल तेव्हा सांगेन. ती येऊन गेली. सांगितलं असतं तर ती माझ्याशी पुन्हा बोलली असती की नाही कोण जाणे, पण ते कारण खरं नाही. खरं हे की तिच्या तोंडून आपने सही किया ऐकल्यावर मला इतकं बरं वाटलं की ते परत द्यायची हिंमत होत नाही. तिला मराठी समजतं, थोडं बोलता येतं, पण लिपी हिंदीचीच असूनही मराठी वाचायच्या वाटेला ती कधी जात नाही. म्हणून हे इथं लिहून ठेवलं. ते चार दिवस जागे होते आणि तिची वाट बघत होते, एवढंच तिला सांगायचं आहे. परवाच्या रविवारीही मी तिला जेवलीस का, एवढंच विचारलं.